लेण्याच्या दारातली देवी आणि जपानचे कामी

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालेली लोकल पुढच्याच स्टेशनाला, मळवलीला थांबते. एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ला. कार्ल्याच्या पायऱ्या चढून वर गेलो की आधी एकवीरा आईचे देऊळ लागते आणि त्याला खेटूनच मागे बौद्ध चैत्यगृहाचे भव्य दार. चैत्रातल्या यात्रेला मुंबई, ठाणे, रायगडकडचे कोळी आणि आगरी बांधव हजारोंनी येतात. ते आईला येतात. लेण्याकडे बघितले तर बघितले. एरवी बौद्ध उपासक येतात, शाळांच्या सहली येतात. ते लेण्याला येतात आणि देवळावरून पुढे जातात. अंगण मात्र एकच आहे.

सहलीहून परतलेली मुले वर्गात हमखास विचारतात, "आधी कोण आलं, देवी की बुद्ध?" मुलांच्या तोंडी हा प्रश्न निरागस असतो. मोठी माणसे तोच प्रश्न विचारतात तेव्हा त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला असतो: "मग जागा कुणाची?" हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ते एक केले की काय होते, याचा मोठा धडा जपानच्या इतिहासात आहे. तिकडे जाण्याआधी कार्ल्याचा दगड काय सांगतो ते पाहू.

कार्ल्याचे मोठे चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले. त्याच्या शिलालेखांत दानशूरांची नावे आहेत. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, भूतपाल श्रेष्ठी आहे. धेनुकाकट गावचे यवन आहेत, त्यांनी खांब दान केले. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वालुरकच्या, म्हणजे या लेण्यांतल्या, भिक्षूंसाठी करजिक नावाचे गाव दिले. त्याच लेखात त्याने देवांना आणि ब्राह्मणांना दिलेल्या गायींचा आणि इतर दानांचाही उल्लेख आहे. एकाच माणसाचे, एकाच दगडावर, दोन्हीकडे दान! पुढे क्षत्रपांना हरवणाऱ्या सातवाहनांनीही भिक्षूंचे गाव भिक्षूंकडेच ठेवले. राज्य बदलले, दान चालू राहिले.

आणि देवी? पुण्याचे विद्वान दामोदर धर्मानंद कोसंबी या डोंगरांतून पायी हिंडले. १९६२ साली आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी मांडले की मावळातली बौद्ध लेणी जुन्या व्यापारी वाटांवर आहेत आणि त्याच वाटांवर, त्याच जागी मातृदेवतांची ठाणी सापडतात. त्यांच्या मते या देवतांची मुळे लेण्यांहून जुनी असावीत. भिक्षू आले, वस्ती केली, काही शतकांनी गेले. गावकऱ्यांच्या आया तिथेच राहिल्या. हे एक मत आहे, पण विचार करायला लावणारे आहे. जुन्नरला लेण्याद्रीच्या बौद्ध विहारात आज अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज गणपती आहे. म्हणजे कार्ले हा एकटा अपवाद नाही.

आता जपान. तिथल्या लोकांच्या जुन्या देवतांना 'कामी' म्हणतात. डोंगर, धबधबा, जुने झाड, पूर्वज, कुळाचा रक्षक, कशातही कामी असू शकतो. आपल्याकडच्या ग्रामदेवता आणि सातीआसरा आठवल्या की हे चटकन समजते. सहाव्या शतकात कोरियातल्या पेकचे राज्याच्या राजाने जपानच्या दरबाराला बुद्धमूर्ती आणि ग्रंथ पाठवले. सोगा घराणे बुद्धाच्या बाजूने उभे राहिले, मोनोनोबे घराणे विरोधात. ५८७ साली लढाई झाली आणि सोगा जिंकले. गंमत अशी की तोवर जुन्या श्रद्धेला वेगळ्या नावाची गरजच पडली नव्हती. 'शिंतो', म्हणजे देवांचा मार्ग, हा शब्द मूळचा चिनी. शेजारी दुसरा आला की आपल्याला आपले नाव सुचते. चीनमधून कन्फ्यूशियसची नीती आणि ताओ पंथाचे मुहूर्त-ज्योतिषही आले आणि या संसारात मुरले.

पुढची हजारेक वर्षे दोन्ही एकाच अंगणात नांदले. आठव्या शतकात नारा शहरी महाबुद्धाची प्रचंड मूर्ती घडत होती, तेव्हा हाचिमान या कामीचा पाठिंबा मिळाल्याचे जाहीर झाले. पुढे हाचिमानला 'महाबोधिसत्त्व' ही पदवी मिळाली आणि त्याच्या मूर्ती भिक्षूच्या वेशात घडू लागल्या. ७५२ साली त्या महाबुद्धाचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हातून झाला. बुद्धाबरोबर आपल्याकडच्या देवताही तिकडे गेल्या. सरस्वती तिथे बेन्झायतेन झाली आणि वीणेऐवजी जपानी बिवा वाजवू लागली. महाकाल दाइकोकु झाला, एका स्थानिक कामीशी एकरूप झाला आणि आज पोते खांद्यावर घेतलेला हसरा धनदाता म्हणून दुकानांत बसतो.

पण या नांदण्याला 'समानता' म्हणता येणार नाही. बौद्ध पंडितांनी सिद्धांत मांडला की मूळ सत्य बुद्धाचे आणि कामी ही त्याची स्थानिक रूपे. म्हणजे घर एक, पण माडीवर बुद्ध आणि ओसरीवर कामी. अनेक देवस्थानांचा कारभार भिक्षूंच्या हाती होता आणि कामींच्या पुजाऱ्यांच्या मनात ती सल शतकानुशतके राहिली. सल खरी होती, हे मान्यच करायला हवे.

१८६८ साली मेइजी सरकार आले. त्याला सम्राटाभोवती उभे राहणारे एकसंध राष्ट्र हवे होते, म्हणून 'शुद्ध' शिंतो हवा होता. हुकूम निघाला: कामी आणि बुद्ध वेगळे करा. हुकमात नासधूस करा असे म्हटले नव्हते. पण जुनी सल आणि नवा हुकूम एकत्र आले. हिएइ डोंगराच्या पायथ्याशी हियोशी देवस्थानातल्या बौद्ध मूर्ती आणि ग्रंथ जाळले गेले. कामाकुराच्या हाचिमान देवस्थानातल्या बौद्ध इमारती १८७० साली पाडल्या गेल्या. नाराच्या कोफुकुजी मठातल्या भिक्षूंना शेजारच्या देवस्थानाचे पुजारी व्हावे लागले. इत्सुकुशिमा बेटावरच्या बेन्झायतेनला आपले ठिकाण सोडून शेजारच्या बौद्ध मंदिरात जावे लागले. सरस्वती 'परकी' ठरली!

ज्यांचा 'विजय' झाला त्या कामींचे काय झाले? ते सरकारी खात्याचे झाले. खेड्यापाड्यांतली हजारो लहान देवस्थाने एकमेकांत विलीन करून बंद केली गेली. गावाचा देव राष्ट्राच्या आणि पुढे युद्धाच्या कामाला जुंपला गेला. डिसेंबर १९४५ मध्ये, पराभवानंतर, सरकार आणि शिंतो यांची फारकत झाली. सामान्य जपानी माणूस मात्र आजही बाळाला कामीच्या देवस्थानात नेतो आणि मयताचे विधी बौद्ध भिक्षूकडून करवून घेतो. वरून आखलेली रेघ त्याच्या घरात पोचलीच नाही.

हे मी एक मुस्लिम म्हणून का लिहावे? माझा अकीदा तौहीदचा आहे. मी ना आईला नवस बोलतो, ना स्तूपाला वंदन करतो आणि 'सगळे एकच' असेही म्हणत नाही. पण आपला दीन स्पष्ट ठेवणे वेगळे आणि दुसऱ्याची खूण पुसणे वेगळे. शिवाय ही गोष्ट आपल्या दारातही आहे. भाज्याच्या लेण्यांजवळच्या लोहगडावर एक दर्गा आहे आणि अलीकडे तिथल्या उरुसावरून वाद झाले. कल्याणजवळच्या हाजीमलंगला पिढ्यान्‌पिढ्या ब्राह्मण घराण्याची वहिवाट, तिथेही वाद. अशा प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न: आधी कोण? आपल्यातही 'शुद्ध' करण्याच्या उत्साहात जुन्या मजारींना नावे ठेवणारे आहेत. त्यांनीही जपान वाचावा.

'आधी कोण' हे संशोधकांना शोधू द्यावे आणि उत्तर येईल ते सगळ्यांनी ऐकावे, आपल्याला अडचणीचे असले तरी. कार्ल्याचे लेणे बौद्धांचे आहे, हे आईच्या भक्ताने मोकळेपणी म्हणावे. तिथे सल असेल तर ती ऐकून घ्यावी. कोळ्यांची आई पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहे, हे इतरांनी म्हणावे. 'जागा कुणाची' याचे उत्तर आजच्या कायद्याने आणि शेजारधर्माने द्यावे, दोन हजार वर्षांपूर्वीच्या पुराव्याने नव्हे. म्हणून वर्गात मी मुलांना सांगतो: आधी कोण आलं ते मोठे झाल्यावर जरूर शोधा, पण शोधायला जाल तेव्हा दोन्ही खुणा जागेवर असल्या पाहिजेत.