लाकडी छपरांची टेकडी

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या आसपास वणवे पेटले आणि १६ हजारांहून जास्त इमारती जळल्या. तेव्हा आम्हाला सांगलीत नातेवाइकांचे फोनवर फोन आले. "तुमची लेक कॅलिफोर्नियातच असते ना?" असते, पण ती ओकलंडला. लॉस एंजेलिसपासून अंतर म्हणाल तर सांगलीहून मुंबई गाठून परत अर्ध्या वाटेवर यावं एवढं. ते सांगून झालं की बहुतेकांचा पुढचा प्रश्न एकच असायचा, "आग लावली कुणी?"

प्रश्न साहजिक आहे. तिकडेही आधी तोच विचारला गेला. एका आगीबद्दल पुढे एका माणसावर खटला भरला गेला आणि दुसरीसाठी वीज कंपनीकडे बोट दाखवलं गेलं. पण तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे असेल, मला दुसराच प्रश्न पडतो. ठिणगी कुणाचीही असो, ती पडल्यावर अख्खं गाव पेटावं अशी घरं कुणी बांधली, आणि तशी बांधू कुणी दिली? लेकीच्या घराजवळची टेकडी या प्रश्नासाठी फार चांगली आहे. तिथे हा धडा शंभर वर्षांत अनेकदा गिरवून झालाय. दोन वेळा तिच्याकडे राहून आले, तिथल्या वाचनालयात बसले, आल्यावरही वाचत राहिले. ते इथे लिहून ठेवते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे, पूर्वेला एक लांबलचक डोंगररांग आहे. तिच्या उतारावर आणि पायथ्याशी बर्कली आणि ओकलंड ही गावं. मूळचे ओलोनी लोक इथलं गवत ठरावीक काळाने मुद्दाम जाळायचे. आपल्याकडे वनखातं जाळरेषा काढतं, कोकणात भाजावळ करतात, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. स्पॅनिश लोकांना मात्र ते रानटीपणाचं वाटलं. १७९३ मध्ये तिथल्या स्पॅनिश गव्हर्नरने हुकूम काढून ही जाळणी बंद करायला सांगितलं. म्हणजे आगीबद्दलचा पहिला कायदा आगीशी ओळख असलेल्या लोकांविरुद्ध झाला!

मग आलं निलगिरीचं झाड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रँक हेवन्स नावाच्या जमीन व्यापाऱ्याने सागवानासारखा भाव मिळेल या आशेने या टेकड्यांवर ऑस्ट्रेलियातली निलगिरी प्रचंड प्रमाणात लावली. तरुण झाडांचं लाकूड वाळताना तडकतं आणि वाकतं हे नंतर कळलं. धंदा बुडाला, झाडं राहिली. तेलकट पानं, लोंबणाऱ्या सालींच्या चिंध्या, आणि खाली वाळलेल्या पाचोळ्याचा थर.

आता घरांकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. १८९८ मध्ये बर्कलीत काही महिलांनी हिलसाइड क्लब नावाची संस्था काढली. हेतू फार चांगला होता. टेकडी कापून सरळ रेषेत रस्ते काढू नका, उताराच्या कलाने वळणावळणाचे काढा. झाडं तोडू नका. घरं रंग न दिलेल्या लाकडाची बांधा, म्हणजे ती निसर्गात मिसळून जातील. कवी चार्ल्स कीलर यांनी १९०४ मध्ये या विचारावर पुस्तक लिहिलं आणि वास्तुरचनाकार बर्नार्ड मेबेक यांनी तशी घरं बांधली. भिंतींना रेडवूडच्या फळ्या, आणि छपरावर लाकडाच्या पातळ चकत्या कौलांसारख्या एकावर एक रचलेल्या. मी अशी जुनी घरं पाहिली आहेत आणि खोटं कशाला बोलू, फारच सुंदर आहेत. संध्याकाळच्या उन्हात मधासारखी दिसतात. १९०६ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्को जळलं तेव्हा तिथली पुष्कळ माणसं खाडी ओलांडून बर्कलीला आली. आगीतून निघालेली ती माणसं लाकडी छपरांखाली येऊन राहिली.

१७ सप्टेंबर १९२३. डोंगरापलीकडच्या वाइल्डकॅट दरीत गवताला आग लागली. वारा ईशान्येचा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, कोरडा आणि गरम. आग डोंगर ओलांडून गावात उतरली आणि मग तिला गवताची गरजच उरली नाही. लाकडी छपराच्या जळत्या चकत्या वाऱ्यावर पतंगासारख्या उडत, पुढच्या छपरावर बसत, तिथून आणखी पुढे. काही तासांत सुमारे ६०० इमारती गेल्या. विद्यापीठाच्या कडेपर्यंत आलेली आग थांबली ती वारा फिरला म्हणून. समुद्राकडून ओलसर वारा आला, बंबांना उसंत मिळाली.

मेबेक यांचं स्वतःचं घरही त्यात गेलं, हिलसाइड क्लबची इमारतही. पुढे मेबेक यांनी काय केलं ते मला फार आवडतं. त्यांनी हलक्या, फेसाळ काँक्रीटच्या पातळ कालवणात गोणपाटं बुडवली आणि ती ओली गोणपाटं लाकडी चकत्यांसारखीच एकावर एक चढवून भिंती केल्या! जळणार नाही असं घर, आणि दिसायला जुन्या घराच्या वळणावरचं. साठी ओलांडलेला माणूस, स्वतःचं घर राख झालेलं, आणि आपलीच आवड पुन्हा तपासून तो नवं काही करून पाहतो.

गावाला मात्र तेवढं जमलं नाही. आगीनंतर नगर परिषदेने लाकडी छपरांवर बंदी घालणारा नियम केला खरा. पण लाकडी चकत्यांच्या व्यापाऱ्यांनी गदारोळ केला आणि थोड्याच काळात नियम मागे घेतला गेला. लोकांनी त्याच जागी, त्याच अरुंद वळणांच्या रस्त्यांवर घरं बांधली, आणि पुष्कळांनी छपरं पुन्हा लाकडाचीच घातली.

दक्षिणेत लॉस एंजेलिसमधल्या बेल एअरलाही हेच घडलं. नोव्हेंबर १९६१ मध्ये श्रीमंतांच्या त्या वस्तीतली ४८४ घरं गेली. रिचर्ड निक्सन तेव्हा तिथे भाड्याने राहत होते. शर्ट आणि टाय घालून, हातात पाण्याचा पाईप घेऊन ते लाकडी छपरावर उभे आहेत असा त्यांचा फोटो प्रसिद्ध आहे. तिथल्या अग्निशमन दलाने या आगीवर एक माहितीपट काढला. त्याच्या नावाचा अर्थ होतो 'संकटाचा आराखडा'. म्हणजे चूक कुठे आहे हे त्यांना १९६२ मध्ये नीट ठाऊक होतं.

बर्कली-ओकलंडच्या टेकडीवर १९७० मध्ये पुन्हा आग लागली, तीन डझनांच्या आसपास घरं गेली. ती सगळी पुन्हा बांधली. आणि मग २० ऑक्टोबर १९९१, रविवार. आदल्या दिवशी विझवलेल्या गवताच्या आगीतला निखारा जिवंत राहिला होता, तो वाऱ्याने उठला. पहिल्या एका तासात ७९० इमारती पेटल्या. दिवसाअखेर २५ माणसं गेली होती आणि तीन हजारांहून जास्त कुटुंबं बेघर झाली होती.

त्या दिवसाचा अहवाल वाचताना मी पुन्हा पुन्हा थांबले. हिलसाइड क्लबच्या आवडीचे ते वळणदार रस्ते एका गाडीपुरते रुंद होते. लोक गाड्या घेऊन खाली यायला निघाले, बंब वर जायला निघाले, समोरासमोर अडकले. धुरात काही दिसेना. कित्येकजण त्या रस्त्यांवरच गेले, त्यांना बाहेर काढायला गेलेला एक पोलीसही. बंबाला पाणी घ्यायच्या रस्त्यावरच्या नळांची गोष्ट तर ऐकवत नाही. ओकलंडच्या नळांची तोंडं तीन इंचांची, आणि आजूबाजूच्या गावांतून धावून आलेल्या बंबांचे पाईप अडीच इंचांचे. जोडायला मधला तुकडा हवा, तो सगळ्यांकडे नव्हता. वीज गेल्यावर पंप बंद पडले आणि टेकडीवरच्या टाक्या रिकाम्या झाल्या. आता सांगा, यात ठिणगीचा दोष किती?

नंतर सुधारणा झाल्या, नाही असं नाही. नळांची तोंडं एकसारखी केली, छपरांचे नियम कडक झाले, कुठल्या भागाला किती धोका आहे याचे नकाशे करायचा कायदा राज्याने केला. पण रस्ते बहुतेक होते तेवढेच राहिले, आणि विम्याच्या पैशात लोकांनी आधीपेक्षा मोठी घरं बांधली. मी तिथे सकाळी फिरायला जायचे तेव्हा दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असायच्या आणि समोरून कचऱ्याची गाडी आली की मला कुणाच्या तरी फाटकात शिरून उभं राहावं लागे. कचऱ्याच्या गाडीच्या जागी बंब असता तर, असं मनात यायचंच.

जॅक कोहेन या अमेरिकी वनखात्यातल्या शास्त्रज्ञांचं काम इथे सांगायला हवं. त्यांनी अनेक वर्षं एकच गोष्ट तपासली, की घर पेटतं ते नेमकं कसं. कॅनडाच्या उत्तरेला मुद्दाम पेटवलेल्या जंगलासमोर लाकडी भिंती उभ्या केल्या. दहा मीटरवरच्या काही पेटल्या, तीस मीटरवरच्या पेटल्या नाहीत. म्हणजे घराला मारते ती ज्वालांची भिंत नव्हे. वाऱ्यावर येणारे बारीक निखारे मारतात. ते पन्हळीतल्या पाचोळ्यात पडतात, माळ्याच्या झरोक्यातून आत शिरतात, भिंतीला चिकटून असलेल्या झुडपात, लाकडी कुंपणात धुमसतात. एकदा घर पेटलं की तेच शेजारच्या घराचं सरपण होतं. म्हणूनच जळालेल्या वस्त्यांच्या फोटोंत पुष्कळदा घरं राख झालेली आणि मधली झाडं हिरवी दिसतात. घर आणि त्याभोवतीची तीस मीटर जागा सांभाळा, असं त्यांचं म्हणणं.

ऐकायला किती सोपं! पण तिथल्या दाटीच्या वस्तीत तुमच्या तीस मीटरांत शेजारची दोन घरं येतात. इथे आमच्या घरचीच गोष्ट सांगते. विमा कंपनीचं लेकीला पत्र आलं की भिंतीलगतची झुडपं काढा, नाहीतर विम्याचं नूतनीकरण होणार नाही. तिने आणि जावयांनी दोन रविवार घालवून ती काढली, पन्हळी साफ केल्या, झरोक्यांना बारीक जाळी बसवली. तिच्या भिंतीपासून बारा फुटांवर शेजारच्या आजींचं ज्युनिपरचं कुंपण आहे. आतून वाळलेलं, पण वरून हिरवंगार. आजींच्या यजमानांनी ते लावलेलं, ते आता हयात नाहीत. लेक म्हणाली, "आई, मी त्यांना काय सांगू? त्यांची जागा, त्यांचं कुंपण." मी म्हटलं, "अगं, त्यांना काढायला माणूस मिळवून दे, पैसे तू दे." ती म्हणाली, "पैशाचा प्रश्नच नाही, आई." तेही खरंच होतं. पुढच्या वर्षी तिची कंपनी गेलीच, काही पत्ता न लागू देता. आता राज्याने १९६८ मध्ये सुरू केलेल्या, दुसरीकडे कुठेच विमा मिळत नाही अशांसाठी असलेल्या योजनेतून ती विमा घेते. हप्ता दुपटीहून जास्त.

अनेकजण म्हणतात, ज्याने टेकडीवर घर घेतलं त्याची जबाबदारी त्याने घ्यावी. माझं मत वेगळं आहे. छप्पर तुमचं खरं, पण उडालेली जळती चकती शेजाऱ्याची होते. लेकीने आपलं सगळं केलं तरी रस्ता ती रुंद करू शकत नाही. ते काम नगर परिषदेचं, आणि नगर परिषदेवर दबाव येतो मतदारांचा आणि व्यापाऱ्यांचा. १९२३ मध्ये तेच झालं.

उत्तरेकडच्या पॅराडाइज गावाची गोष्ट तर ताजी आहे. २००८ मध्ये तिथे वणव्यामुळे गाव रिकामं करावं लागलं आणि रस्ते तुंबले. पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या नागरिक-ज्युरीने सांगितलं की बाहेर पडायचे रस्ते सुधारेपर्यंत नवी घरं थांबवा. जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी ते मानलं नाही. ८ नोव्हेंबर २०१८ ला आग आली आणि ८५ माणसं गेली. ठिणगी जवळपास शंभर वर्षं जुन्या, झिजलेल्या हुकाची होती. त्याबद्दल वीज कंपनीने २०२० मध्ये ८४ जणांच्या सदोष मनुष्यवधाचा गुन्हा न्यायालयात कबूल केला. ते योग्यच झालं. पण वर्तमानपत्रांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा दिसलं की २००८ च्या नव्या बांधकाम नियमांनंतर बांधलेल्या घरांपैकी निम्मी शाबूत होती, आणि आधीच्या घरांपैकी पाचातलं एकही नाही. हुकाचा खटला झाला. घरं थांबवू नका म्हणणाऱ्या ठरावावर खटला होत नसतो.

राज्याने २०२० मध्ये आणखी एक कायदा केला, की धोक्याच्या भागात भिंतीपासून पाच फुटांत जळण्यासारखं काहीही नको. त्याचे नियम जानेवारी २०२३ पर्यंत व्हायचे होते, पण २०२५ मध्येही वाद चालूच होता. विरोध करणारे सगळे काही स्वार्थी नाहीत. कुणाला पेन्शनीत खर्च झेपत नाही, कुणाला वाटतं की हिरवं झुडूप निखारे अडवतं, कुणाला पन्नास वर्षांची बाग उपटवत नाही. बर्कलीने मात्र राज्याची वाट पाहिली नाही. जून २०२५ मध्ये तिथल्या नगर परिषदेने टेकडीच्या माथ्याजवळच्या वस्त्यांसाठी पाच फुटांचा नियम मंजूर केला आणि १ जानेवारी २०२६ पासून तो लागू करायचं ठरवलं. लाकडी छपरांचा नियम करून मागे घेतला तीच ही नगर परिषद, मध्ये १०२ वर्षं गेली.

लेकीचं घर ओकलंडच्या हद्दीत येतं, त्यामुळे बर्कलीचा हा नियम शेजारच्या आजींच्या ज्युनिपरला लागू नाही.