गुहेचा नकाशा आणि गोष्ट #थ्रेड

१/
व्हिडिओ गेममधील कथालेखनाचा एक उगम अमेरिकेतील केंटकी राज्याच्या मॅमथ गुहेत सापडतो. ‘अ‍ॅडव्हेंचर’ या खेळात चित्र एकही नव्हते, होते ते केवळ शब्द.

२/
विल क्राउदर हे अर्पानेटच्या उभारणीतले प्रोग्रामर. ते व त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया गुहांची मोजमापे घेऊन संगणकावर नकाशे काढीत. १९७२ मध्ये फ्लिंट रिज व मॅमथ या गुहा आतून जोडलेल्या असल्याचे सिद्ध करणाऱ्या तुकडीत पॅट्रिशिया होत्या.

३/
पुढे संसार मोडला. १९७५-७६ च्या सुमारास क्राउदर यांनी मुलींसाठी हा खेळ रचला. प्रत्येक दालनाचे मोजक्या वाक्यांत वर्णन, खेळाडूला थेट ‘तुम्ही’ असे संबोधन. त्याने एक-दोन शब्दांत आज्ञा टंकायची. दालने बव्हंशी खऱ्या गुहेतली. दूर राहिलेल्या मुलींसाठी बापाने पूर्वायुष्यातील जागाच निवडावी, हे लक्षणीय आहे.

४/
१९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वुड्स यांनी क्राउदर यांच्या संमतीने खेळ वाढवला, गुणपद्धती आणली. त्यातून ‘नकाशा क्राउदरांचा, अद्भुत कथा वुड्सची’ अशी समजूत रूढ झाली.

५/
ती टिकली, कारण मूळ संहिताच हरवली होती. २००५ मध्ये ती वुड्स यांच्या स्टॅनफर्डमधील जुन्या खात्याच्या बॅकअपमध्ये मिळाली. डेनिस जेर्झ यांनी प्रत्यक्ष गुहेशी ताडून तिचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. बुटके, जादूचा शब्द, खजिना: सारे क्राउदर यांच्या फोरट्रान संहितेत आधीपासूनच होते.