छाट : भंडाऱ्याच्या बिडी-घरांतील संप

संपाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा फाटकापासून सुरुवात करतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, अशी नेमकी नोंद करता येते. कारण गिरणीला फाटक होते, भोंगा होता, हजेरीपट होता. त्या संपाने घरांची जी वाताहत केली तिला जयंत पवार यांच्या ‘अधांतर’सारखे नाटकही लाभले. भंडारा जिल्ह्यातही चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींत पाळ्या आहेत, हजेरी आहे. मात्र ज्या धंद्यावर या भागातील असंख्य कुटुंबे जगली त्या बिडीच्या धंद्याला फाटक नव्हते. घर हाच तिथला कारखाना. अशा ठिकाणी संप कशाला म्हणायचे, आणि तो सोसतो कोण, हा प्रश्न आम्हांला येथे मांडावयाचा आहे.

आपण ज्या काळाविषयी बोलत आहोत तेव्हा गोंदिया भंडाऱ्याचाच भाग होता. १ मे १९९९ रोजी तो स्वतंत्र जिल्हा झाला. भोवतालच्या जंगलात उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडला जातो. पाने आणि तंबाखू मोजून मिळतात. पान भिजवायचे, कात्रीने बेतायचे, तंबाखू भरून वळायचे, दोरा बांधायचा, तोंड मिटायचे. मजुरी हजार बिड्यांमागे. पण हे हजार एकट्या माणसाच्या हातचे नसतात. पाने कापणारी म्हातारी, दोरा बांधणारी मुलगी, यांची नावे कोणत्याच वहीत येत नाहीत. म्हणून काम थांबते तेव्हा एका माणसाची मजुरी बुडत नाही, घरातील सगळ्यांचीच एकदम बुडते. गिरणी-कामगाराच्या घरी संपाच्या दिवसांत बायको खानावळ चालवी, शिवणकाम करी. बिडीच्या घरात हा दुसरा हात आधीच सुपात गुंतलेला असतो.

या घरांचे सर्वांत मोठे दुखणे दर नव्हते. ते होते ‘छाट’. वळून आणलेल्या बिड्यांतून कारखानदाराचा माणूस किंवा ठेकेदार काही बिड्या खराब ठरवून बाजूला काढी. त्यांची मजुरी मिळत नसे. बिडी खराब आहे हे ठरवणारा तोच, आणि पैसे वाचणार तेही त्याच्याच बाजूला. दर वाढवून मागावा, तर छाट वाढवून तो दर परत घेता येई.

या कामगारांना संघटित करणाऱ्यांत कामठीचे बाबू हरदास ल. नगराळे (१९०४–१९३९) यांचे नाव आदराने घ्यावे लागते. १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे प्रांतिक विधिमंडळावर निवडून आले. त्याच वर्षी मध्य प्रांतात बिडीच्या कारखान्यांना लागू होणारा कायदाही झाला. परंतु कायदा कारखान्याला होता. काम लहान लहान जागी विभागले, घरोघरी वाटले, की त्याची पकड सुटे.

पुढे जून १९५८ मध्ये तत्कालीन मुंबई राज्य सरकारने विदर्भातील बिडी-कामगारांसाठी किमान वेतनाची अधिसूचना काढली. तिच्यात दर होतेच. शिवाय छाट किती काढता येईल, मर्यादेपलीकडे काढल्यास मजुरीचे काय, याचेही नियम होते. गोंदियाच्या बिडी-व्यापाऱ्यांची संघटना न्यायालयात गेली. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, निकालपत्र न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांचे. किमान वेतन कायद्याखाली सरकार दर ठरवू शकते, छाटीसारख्या इतर अटी नव्हे, असे ठरले. दर टिकला, छाटीवरची कलमे गेली.

कायद्याच्या शब्दांचा विचार करता हा निकाल तर्कशुद्ध आहे, आणि म्हणूनच तो विचार करायला लावतो. मजुरी आणि मजुरीची अट या दोन गोष्टी निकालपत्रात वेगळ्या करता आल्या. घरात त्या वेगळ्या नव्हत्या. संध्याकाळी हातात येणारा पैसा दर आणि छाट मिळूनच ठरे. शिवाय दर राज्यापुरता आणि मध्य प्रदेशची सीमा जवळ. खाण जागची हलत नाही. पाने आणि तंबाखू पोत्यांत भरून पलीकडे नेता येतात. संपाची धमकी येथे मालकाच्या हातीही होती : उद्यापासून पाने मिळणार नाहीत, एवढे शब्द त्याला पुरत.

१९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बिडी वळणाऱ्यालाही कामगार मानले, आणि नाकारलेल्या बिड्यांवरचे तंटे सोडवण्याची स्वतंत्र तरतूद केली. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. बाजूला काढलेल्या त्या बिड्यांना कायद्यात जागा मिळायला अशी वर्षे गेली.

साहित्याच्या अभ्यासकांना यात रस का असावा? कामगार-साहित्य म्हटले की मोर्चा, लाल बावटा, भोंगा या प्रतिमा आपल्यापुढे येतात. त्या खऱ्याच आहेत. पण त्या फाटक असलेल्या कामाच्या प्रतिमा आहेत. ओसरीवर बसून वळलेल्या बिडीचा झगडा त्यांत मावत नाही. तिथे रोज संध्याकाळी, मोजणीच्या वेळी, एक लहानसा वाद होई आणि बहुधा हरला जाई. ‘छाट’ हा शब्द तो वाद नावासकट जपून आहे. कामगारांच्या भाषेचा कोश करताना भोंग्याशेजारी त्यालाही जागा द्यावी, एवढेच आमचे सांगणे आहे.