ड्रायव्हिंग रेंज नाही? मग गोल्फच्या पहिल्या शॉटआधी वॉर्म-अप कसा करायचा?

ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं पदक थोडक्यात हुकलं, ती चौथी आली. त्या सकाळी भारतातल्या अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ पाहिलं. पाहताना बहुतेकांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली असेल: हा निवांत खेळ आहे. चालायचं, थांबायचं, शांतपणे चेंडू मारायचा. यात वॉर्म-अपची गरजच काय?

प्रत्यक्षात गोल्फचा एक स्विंग म्हणजे जेमतेम सेकंदभरात संपणारी स्फोटक हालचाल असते. हौशी पुरुष खेळाडूच्या ड्रायव्हरचं टोक चेंडूवर आदळतं तेव्हा त्याचा वेग ताशी १४०-१५० किलोमीटरच्या आसपास असतो. दीड तास गाडी चालवून आलेलं शरीर थेट अशा हालचालीत ढकललं, तर पहिला चेंडू झाडीत जातो आणि कधी कधी कंबरही धरते.

व्यावसायिक खेळाडू यासाठी आधी ड्रायव्हिंग रेंजवर तास-दीड तास घालवतात. पण ज्या कोर्सवर रेंजच नाही, तिथे काय करायचं? समजून घेऊया.

ड्रायव्हिंग रेंज म्हणजे काय आणि ती सगळीकडे का नसते?

ड्रायव्हिंग रेंज म्हणजे सरावाचं मोकळं मैदान. एका जागी उभं राहून बादलीभर चेंडू मारायचे, ते गोळा करायचं काम क्लबचे कर्मचारी करतात. क्रिकेटमध्ये नेट्सचं जे काम, तेच इथे रेंजचं.

अडचण जागेची असते. १८ होलच्या कोर्सलाच साधारण १०० एकरांहून जास्त जमीन लागते. रेंजसाठी त्याशिवाय २५० मीटरच्या आसपास लांब पट्टा हवा, बाजूला उंच जाळ्या हव्यात. शहरात अडकलेल्या जुन्या कोर्सना आणि ९ होलच्या छोट्या कोर्सना हे परवडत नाही. कित्येक जुने कोर्स तर रेंज ही कल्पना रुळण्याआधीच आखले गेले.

मोठ्या स्पर्धाही यातून सुटत नाहीत. २०१३ ची यूएस ओपन अमेरिकेतल्या मेरियन क्लबच्या ईस्ट कोर्सवर झाली. तिथे जागा अपुरी असल्याने सरावाची रेंज सुमारे दीड किलोमीटर दूर, त्याच क्लबच्या वेस्ट कोर्सवर होती. खेळाडूंना तिथून गाडीने पहिल्या टीवर आणावं लागत होतं.

वॉर्म-अप नेमका कशासाठी?

चेंडू मारणं आणि वॉर्म-अप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी लक्षात घ्यायला हवं. रेंजवर खेळाडू दोन कामं करतो: शरीर तापवतो आणि चेंडूवरचा ताल पकडतो. यातल्या पहिल्या कामासाठी रेंज लागतच नाही. दुसरं कामही बऱ्यापैकी रेंजशिवाय जमतं.

शरीर तापलं की स्नायूंकडे रक्तपुरवठा वाढतो, स्नायू पटकन आकुंचन पावतात आणि सांधे मोकळे होतात. गोल्फमध्ये यातला शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरतो. बॅकस्विंगमध्ये चांगल्या खेळाडूचे खांदे साधारण ९० अंशांत वळतात. हे वळण येतं कुठून? कमरेचे मणके एका बाजूला जेमतेम १०-१५ अंशच वळू शकतात. बाकीचं वळण खुबे आणि छातीच्या मागचे मणके देतात.

खुबे आणि पाठीचा वरचा भाग आखडलेला असेल, तर वळण्याचं सगळं ओझं कमरेवर येतं. हौशी गोल्फरच्या दुखण्यांमध्ये कंबर वरच्या क्रमांकावर असते, त्यामागचं हे एक मोठं कारण आहे. म्हणूनच चांगल्या वॉर्म-अपचा भर खुबे, पाठीचा वरचा भाग आणि खांद्यांवर असतो.

बहुतेक जण काय करतात?

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक हजाराहून जास्त हौशी गोल्फरचं पहिल्या शॉटआधी निरीक्षण केलं. हा अभ्यास २००१ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये छापून आला. निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनीच काहीतरी वॉर्म-अप केला. तोही बहुतांश टीवर उभं राहून हवेत चार वेळा क्लब फिरवण्यापुरता. पुरेसा म्हणावा असा वॉर्म-अप करणारे ३ टक्केही नव्हते.

त्याच गटाने २००४ मध्ये २० गोल्फरवर दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या निम्म्या खेळाडूंनी काही आठवडे ठरावीक वॉर्म-अप केला, त्यांच्या क्लबचा वेग वाढला. उरलेल्यांचा फारसा बदलला नाही. अभ्यास छोटा होता, पण दिशा स्पष्ट होती.

आणखी एक सवय तपासून पाहण्यासारखी आहे. वाकून पायाचे अंगठे धरायचे आणि तसंच बराच वेळ थांबायचं, हा स्ट्रेचिंगचा जुना प्रकार. खेळाच्या अगदी आधी असं लांबलचक, स्थिर स्ट्रेचिंग केलं तर ड्रायव्हरचा वेग आणि अंतर कमी होऊ शकतं, असं तरुण स्पर्धात्मक गोल्फरवरच्या प्रयोगात दिसलं आहे. हे स्ट्रेचिंग वाईट नाही, पण त्याची योग्य वेळ खेळ संपल्यावरची. खेळाआधी हवं ते हलतं-फिरतं स्ट्रेचिंग.

१५ मिनिटांचा वॉर्म-अप: पायरीपायरीने

यासाठी लागते चार पावलं मोकळी जागा आणि बॅगेतला एखादा क्लब. पार्किंगच्या कडेला, क्लब हाउसमागे, कुठेही करता येतो. फक्त क्लब फिरवण्याआधी मागे-पुढे कुणी नाही ना, हे नक्की बघा.

१. चालणं (३ मिनिटं): भराभर चाला. श्वास थोडा वाढला पाहिजे, दम लागता कामा नये. गाडीपासून क्लब हाउसपर्यंत दोन फेऱ्या मारल्या तरी पुरे.

२. पाय आणि खुबे (३ मिनिटं): एका हाताने क्लबचा आधार घ्या आणि एक पाय लंबकासारखा पुढे-मागे १० वेळा झुलवा. मग डावी-उजवीकडे १० वेळा. पाय बदला. त्यानंतर ८-१० अर्ध्या उठाबशा काढा.

३. पाठीचा वरचा भाग (२ मिनिटं): क्लब खांद्यांवर आडवा ठेवून दोन्ही हातांनी धरा. गोल्फ खेळताना उभं राहतो तसं थोडं वाका. गुडघे स्थिर ठेवून खांदे सावकाश उजवीकडे वळवा, मग डावीकडे. दोन्ही बाजूंना १० वेळा. सुरुवातीला अर्धंच वळण घ्या, दरवेळी थोडं वाढवा.

४. खांदे आणि मनगटं (२ मिनिटं): हात सरळ करून मोठी वर्तुळं काढा, १० पुढे, १० मागे. मग क्लब एका हातात मध्यावर धरून मनगट हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवा. गोल्फरना कोपराचं दुखणंही बरंच सतावतं, त्यामुळे ही पायरी गाळू नका.

५. चेंडूशिवाय स्विंग (५ मिनिटं): आधी वेज किंवा ९ नंबरचा आयर्न घेऊन कमरेपर्यंतचे अर्धे स्विंग करा. मग पाऊण, मग पूर्ण. नंतर दोन आयर्न एकत्र धरून अगदी संथपणे ५-६ वेळा फिरवा. वजनामुळे खांदे आपोआप पूर्ण वळतात. त्यानंतर उलट्या बाजूने, म्हणजे उजव्या हाताचे असाल तर डावखुऱ्यासारखे, ४-५ स्विंग करा. एकाच बाजूला वळत राहिल्याने येणारा ताण त्यामुळे थोडा वाटला जातो.

शेवटी ड्रायव्हर उलटा धरा, म्हणजे डोक्याच्या बाजूने पकडा, आणि फिरवा. 'सुप्' असा आवाज येईल. हा आवाज उजव्या कानाशी न येता चेंडू जिथे असतो तिथे, किंवा किंचित पुढे यायला हवा. आवाज लवकर आला तर जोर लवकर खर्च होतोय, असं समजा. रेंजशिवाय ताल तपासण्याची ही सर्वांत सोपी पद्धत आहे.

चेंडूचा अंदाज कसा घ्यायचा?

रेंज नसली तरी बऱ्याच कोर्सवर पटिंगच्या सरावाचं ग्रीन असतं. उरलेला वेळ तिथे द्या. १८ होलच्या फेरीत पार खेळणाऱ्याचे निम्मे शॉट पटिंगचेच धरलेले असतात: पार ७२ असेल, तर ३६.

तिथे होलमध्ये चेंडू घालण्याच्या मागे लागू नका. आधी १०-१२ पावलांवरून लांब पट मारा, कारण त्या दिवशी ग्रीन किती वेगवान आहे, हे त्यातून कळतं. आदल्या रात्री पाऊस झाला असेल किंवा सकाळचं दव असेल तर चेंडू अडतो. शेवटी दोन फुटांवरून चार-पाच पट मारा आणि चेंडू होलमध्ये पडल्याचा आवाज ऐकूनच निघा. परवानगी असेल तर कडेवरून दोन-चार चिप मारा. चेंडूवर क्लब टेकण्याची ती पहिली खरी संधी असते.

पहिल्या टीवर काय करावं?

रेंजशिवाय आलेल्या खेळाडूसाठी पहिला शॉट म्हणजे दिवसाचा पहिला पूर्ण फटका. त्यामुळे ड्रायव्हर काढलाच पाहिजे, असं नाही. हायब्रिड किंवा ५ नंबरचा लाकडी क्लब जास्त भरवशाचा ठरतो. वीसेक मीटर कमी जातील, पण चेंडू गवतावर राहील. पहिले दोन-तीन होल ८० टक्के जोरावर खेळायचे, हे आधीच ठरवून टाका.

नियम काय सांगतात?

मित्रांबरोबरच्या खेळात कोर्सचे नियम पाळले की झालं. स्पर्धेत मात्र काळजी घ्यावी लागते.

स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे प्रत्येक फटका मोजला जातो त्या प्रकारात, फेरीआधी त्या दिवशी कोर्सवर सराव करता येत नाही. पहिल्या टीच्या आसपास पटिंग आणि चिपिंग, तसंच सरावासाठी राखलेल्या जागा यांना सूट आहे. नियम मोडला तर पहिल्या होलवर दोन फटक्यांचा दंड बसतो, पुन्हा मोडला तर खेळाडू बाद. चेंडूशिवाय फिरवलेला क्लब मात्र सराव-फटका धरला जात नाही. म्हणजे वरचा संपूर्ण वॉर्म-अप नियमात बसतो.

फेरी सुरू झाल्यावर एक सापळा आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या सेफवे क्लासिक स्पर्धेत ५० वर्षांच्या जुली इंकस्टर आघाडीपासून अवघ्या तीन फटक्यांवर होत्या. दहाव्या टीवर अर्धा तास खोळंबा झाला. अंग थंड पडू नये म्हणून त्यांनी ९ नंबरच्या आयर्नवर वजनाची कडी चढवून काही स्विंग केले. टीव्हीवर पाहणाऱ्या एका प्रेक्षकाने ईमेल केला आणि त्या स्पर्धेतून बाद झाल्या. सात मेजर जिंकलेली खेळाडू, कारण एक कडी!

२०१६ पासून अशा पहिल्या चुकीला बाद करण्याऐवजी दोन फटक्यांचा दंड आहे. पण नियम तोच: वजनाची कडी किंवा सरावाचं साधन फेरीआधी वापरा, फेरीत नाही. खोळंबा झालाच तर स्वतःच्या १४ क्लबांपैकी दोन एकत्र धरून फिरवता येतात.

भल्या पहाटे खेळणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

आपल्याकडे ऊन टाळण्यासाठी अनेक जण सहाच्या सुमाराला खेळायला सुरुवात करतात. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर कंबर ताठ असते आणि वाकताना चकत्यांवर जास्त ताण येतो. म्हणून खेळाच्या किमान तासभर आधी उठा, आणि सुरुवातीला वाकण्याऐवजी चालण्यावर भर द्या. बॅग उचलताना, चेंडू टीवर ठेवतानाही गुडघ्यातून वाका.

फक्त पाच मिनिटं असतील तर?

ट्रॅफिकमुळे उशीर होतोच. तेव्हा पाच मिनिटांत हे करा: एक मिनिट भराभर चालणं, एक मिनिट पाय झुलवणं, एक मिनिट खांद्यांवर क्लब ठेवून वळणं आणि दोन मिनिटं अर्ध्यापासून पूर्ण स्विंगपर्यंत. पटिंग जमलं नाही तरी चालेल, हे टाळू नका.

वॉर्म-अप करताना कळ आली, पायात मुंग्या आल्या किंवा दुखणं पायाकडे उतरलं, तर त्या दिवशी खेळू नका. डॉक्टरांना दाखवा. वॉर्म-अप हा दुखण्यावरचा इलाज नाही.

लोक हसतील त्याचं काय?

पार्किंगमध्ये पाय झुलवायला अनेकांना संकोच वाटतो. त्यांनी स्पेनच्या मिगेल आंखेल हिमेनेझचे व्हिडिओ शोधावेत. तोंडात सिगार, गुडघे जुळवून गोल फिरवणं, कमरेला चित्रविचित्र झोके: त्याच्या वॉर्म-अपवर सोशल मीडियावर जग हसलं. सिगार सोडून बाकी सगळं अनुकरण करण्यासारखं आहे. कारण याच हिमेनेझने २०१४ मध्ये वयाच्या ५० व्या वर्षी स्पॅनिश ओपन जिंकली आणि तो युरोपियन टूरवर जिंकणारा सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला.