वेल्श साहित्याचा परदेशी वाचकवर्ग आणि ग्रंथालये

वेल्श साहित्य म्हणजे युनायटेड किंग्डममधील वेल्सच्या वेल्श भाषेत लिहिलेले साहित्य. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्समध्ये सुमारे ५,३८,००० लोक (१७.८ टक्के) ही भाषा बोलत होते. एवढ्या लहान भाषिक समाजाच्या पुस्तकांना परदेशातील दुकानांत क्वचितच जागा मिळते. त्यामुळे वेल्सबाहेर वाचक मिळविण्याच्या कामात ग्रंथालयांना महत्त्व आले आहे. मात्र पुस्तक ग्रंथालयात असणे आणि ते वेल्श पुस्तक म्हणून वाचकाला सापडणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

राष्ट्रीय ग्रंथालय

ॲबेरिस्टविथ येथील वेल्सचे राष्ट्रीय ग्रंथालय १९०७ मध्ये शाही सनदेने स्थापन झाले. १९११ च्या स्वामित्वहक्क कायद्याने त्यास देशात प्रकाशित होणाऱ्या पुस्तकांची प्रत मागण्याचा अधिकार मिळाला. परदेशी वाचकाला त्याचा खरा उपयोग होतो तो डिजिटल संग्रहामुळे. तेराव्या शतकातील 'ब्लॅक बुक ऑफ कारमार्दन' हे हस्तलिखित, तसेच १९१९ पर्यंतच्या वृत्तपत्रांची ११ लाख पाने तेथे विनामूल्य पाहता येतात. हा संग्रह प्रामुख्याने जुन्या साहित्याचा आहे. स्वामित्वहक्क कायम असलेल्या लेखकांची पुस्तके अशा रीतीने खुली करता येत नाहीत.

अनुवाद

१८६५ मध्ये 'मिमोसा' जहाजातून अर्जेंटिनातील चुबुत प्रदेशात गेलेल्या स्थलांतरितांच्या वंशजांत मूळ वेल्श वाचणारे आजही आहेत. इतर बहुतेक परदेशी वाचक अनुवादावर अवलंबून असतात. २००० मध्ये 'वेल्श लिटरेचर अब्रॉड' या नावाने सुरू झालेली आणि आता 'वेल्स लिटरेचर एक्स्चेंज' म्हणून ओळखली जाणारी संस्था परदेशी प्रकाशकांना अनुवादासाठी अनुदान मिळवून देते व निवडक पुस्तकांची यादी दरवर्षी प्रसिद्ध करते. लहान प्रकाशकाची आवृत्ती दुकानातून लवकर नाहीशी होऊ शकते; त्यानंतर ती उरते ग्रंथालयाच्या फळीवरच.

कार्नेगी पदक

मानॉन स्टेफन रॉस यांच्या 'ल्लिव्र ग्लास नेबो' या कादंबरीस २०१८ मध्ये राष्ट्रीय आयस्टेथवॉड या वेल्श साहित्य-संगीत महोत्सवात गद्य पदक मिळाले. आण्विक दुर्घटनेनंतर वायव्य वेल्समध्ये एकाकी राहणारी आई व मुलगा एका निळ्या वहीत आळीपाळीने लिहितात, असे तिचे कथानक आहे. लेखिकेने स्वतः केलेला इंग्रजी अनुवाद, 'द ब्लू बुक ऑफ नेबो', अमेरिकेत डॅलस येथील डीप व्हेलम या प्रकाशनानेही काढला. २०२३ मध्ये या अनुवादास कार्नेगी पदक मिळाले. १९३६ मध्ये सुरू झालेल्या या पुरस्काराचा निर्णय ग्रंथपाल करतात आणि त्याच्या इतिहासात अनुवादित पुस्तकास तो प्रथमच मिळाला. अंतिम यादीतील पुस्तके शाळांमधील वाचनगट परीक्षकांच्या बरोबरीने वाचतात. पदकापेक्षाही या प्रथेमुळे पुस्तक अधिक मुलांच्या हाती जाते, असे म्हणता येईल.

वर्गीकरण व तालिकाकरण

ड्युई दशांश वर्गीकरणात वेल्श साहित्याचा क्रमांक ८९१.६६ आहे (मराठीचा ८९१.४६, म्हणजे दोन्ही एकाच ८९१ या वर्गात येतात). इंग्रजीत लिहिणारे वेल्श कवी डिलन टॉमस मात्र ८२० च्या वर्गात, तर वेल्शमध्ये लिहिणाऱ्या केट रॉबर्ट्स त्यांच्यापासून दूरच्या फळीवर. एकाच देशाचे साहित्य असे दोन ठिकाणी विभागले जाते.

अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत कादंबऱ्या केवळ लेखकाच्या आडनावाने लावतात. तेथे कॅराडॉग प्रिचर्ड यांच्या १९६१ मधील 'ईन नोस ओला लेयाद' या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद इतर इंग्रजी कादंबऱ्यांमध्ये मिसळून जातो. मूळ भाषा दाखविण्याचे काम तेव्हा तालिकेतील नोंदीकडे येते. 'मार्क २१' या नोंदपद्धतीत मूळ भाषेच्या संकेतासाठी ०४१ हे स्वतंत्र क्षेत्र आहे. ते रिकामे राहिल्यास वेल्श भाषेतून आलेली पुस्तके शोधणाऱ्या वाचकाला हा अनुवाद त्या मार्गाने सापडत नाही.