कॅमेऱ्याआधी जळालेला वाडा

१८२७ च्या सुमारास फ्रान्समध्ये निसेफोर न्येप्सने खिडकीतून दिसणारी छपरं डांबर लावलेल्या पत्र्यावर उमटवली. त्याला इतके तास लागले, की समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन दिसतं. सकाळ आणि संध्याकाळ एकाच चित्रात! पण कॅमेरा पुण्यात पोचण्याआधीच, फेब्रुवारी १८२८ मध्ये, पेशव्यांचा शनिवारवाडा जळाला आणि १७३२ पासूनचे त्याचे चौक कॅमेऱ्याच्या हाती लागलेच नाहीत. फोटोत आहेत ते दिल्ली दरवाजा, तट आणि उघडी जोती. चौकातला उजेड त्यांत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की पेशवाई वास्तूतला उजेड समजून घ्यायचा तर जुने फोटो एखाद्या वाड्यातच मांडायला हवेत.

त्यासाठी पुण्यातलाच विश्रामबागवाडा आहे. १८०७ च्या या वाड्याचे सुरूचे खांब, त्यावरची केळफुलं आणि आत उघडे चौक. चौकात ऊन वरून उतरतं, ओसरीच्या कडेशी येतं आणि सरकत राहतं. खांबांच्या सावल्या वेळ सांगतात. तिथे टांगलेला फोटो सकाळी एक दिसेल, दुपारी दुसरा. कुणी म्हणेल, उन्हाने फोटो विटतात. अगदी खरं, मूळ प्रती अंधारातच जपाव्यात, चौकात नकला लावाव्यात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: हा वाडाही १८७९ च्या आगीत होरपळला, पुन्हा बांधला गेला, मग त्यातला उजेड अस्सल कसा? लाकूड बदललं हे कबूल, पण जोवर चौक आभाळाला उघडा आहे, तोवर ऊन तिथे त्याच वाटेने येतं.