अग्निप्रसंगी सुटका-नियोजन (कामाच्या ठिकाणचे)

आग लागल्यास कामाच्या ठिकाणाहून सर्वांना सुखरूप बाहेर काढण्याची आधीच ठरवून सरावलेली व्यवस्था. महाराष्ट्रात २००६च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार ही यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादारावर आहे.

२१ जून २०१२ रोजी मुंबईतील मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर भर दुपारी आग लागून वरचे मजले जळाले व ५ जण मृत्युमुखी पडले. लोअर परळच्या कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्रीनंतर छतावरील उपाहारगृहांना आग लागली. १४ बळींपैकी अनेक जण प्रसाधनगृहात शिरून धुराने गुदमरले. ज्वाळांपेक्षा धूर घातक ठरतो, हे नियोजन करणारे अजूनही विसरतात.

धोका मोठ्या इमारतींपुरताच नाही. मुंबईतल्याच अँटॉप हिल-वडाळा परिसरात गोदामे आणि छोटे गाळे आहेत. अशा गाळ्यात बहुधा पुढचे शटर हीच एकमेव वाट, पोटमाळ्यावर माल आणि वर जायला लोखंडी शिडी. तेथे भिंतीवर नकाशा टांगून भागत नाही. दुसरी वाट मोकळी हवी, जिन्यातली खोकी हटवायला हवीत, शटर आतून उघडता यायला हवे. उद्वाहन वापरू नये. बाहेर जमण्याची जागा ठरलेली असावी आणि तेथे हजेरी घ्यावी. त्यात हमाल, सफाई कामगार व पाहुणेही मोजावेत. रात्रपाळीचा सराव वेगळा घ्यावा.

अग्निशमन यंत्रणेचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये घ्यावे लागते.